टाकीचं बूच

“…तर मग सांगा उस्ताद, माझ्याच पोरीची गाडी मी बंद पाडीन काय?”

दस्तगीर उस्ताद नुकतेच येऊन पोहोचले होते. ते आपली सायकल भिंतीला टेकवत होते.

शिरोळ रस्त्यावरच्या त्यांच्या गॅरेजचं शटर अजून अर्धंच वर गेलं होतं. रंगराव चौगले मात्र त्याआधीच येऊन दारात उभा होता.

उस्ताद सत्तरीच्या पुढचे. अख्ख्या तालुक्याच्या मोटारसायकली त्यांच्या हाताखालून गेल्या, पण स्वतः ते सायकलवर यायचे. कुणी म्हणायचं डोळ्यांनी दगा दिला, कुणी म्हणायचं कंबरेनं. फारच कुणी खोदून विचारलं तर उस्ताद घंटी वाजवून पुढे निघून जायचे.

रंगराव त्यांचाच शिष्य. तरुणपणी उस्तादांनी बांधलेल्या गाडीवर बसून त्यानं मातीतल्या शर्यती गाजवल्या होत्या. एका उडीला तो पडला आणि डावा गुडघा गेला. पाय बरा झाल्यावर पुन्हा गाडीवर बसला, बक्षिसाच्या दोन-चार ढाली आणखी आणल्या, मग लग्न झालं, इचलकरंजीत स्वतःचं गॅरेज झालं. लंगडणं तेवढं राहिलं.

नाव झाल्यापासून त्यानं या दारात पाऊल टाकलं नव्हतं. मेकॅनिक एक वेळ सासऱ्यापुढं हात पसरेल, पण आपल्याला बरी न झालेली गाडी दुसऱ्याच्या दारात नेणार नाही. रंगराव तर त्यातलाही वरचा.

आज मात्र आला होता. टेम्पोत मागं डर्ट बाईक दोरानं करकचून बांधलेली, आणि पुढं सीटवर त्याची मुलगी प्रणोती. तिनं तोंड पलीकडं फिरवलं होतं.

“असं म्हणतंय कोण?” उस्तादांनी विचारलं.

“तीच.” रंगरावनं आवाज खाली आणला. “काल तोंडावर म्हणाली. बाबा, शर्यतीतच गाडी कशी बंद पडती? मी पडू नये म्हणून तुमीच काय तरी करून ठेवताय.”

“आणि?”

“रविवारी साताऱ्याला शर्यत हाय. तिथं बंद पडली तर परत गाडीला हात लावू नका, म्हणाली.”

“हं.”

“मैदानावर पण येऊ नका, म्हणाली…”

पन्नाशीला आलेला माणूस, पण त्याचा चेहरा बघवत नव्हता. मुलगी हरली असती तर त्याला चाललं असतं. तिचा आपल्यावर विश्वास राहिला नाही, हे चालणार नव्हतं.

“काय काय बघितलंस?”

एवढं विचारल्यावर त्याला जरा हुशारी आली. “कार्बोरेटर खोलून धुतला. प्लग नवा घातला, कॉईल बदलली. एअर फिल्टर तर मी रोज धुतो. पेट्रोलचा कॉकबी नवा हाय. आमच्या आवारात चालवली की अशी पळती, उस्ताद, की बघत ऱ्हावं. मैदानात गेली की मरती. आता गाडीला काय मैदानाची नजर लागती व्हय?”

“चालवणारी कुठाय?”

“टेम्पोत बसलीया. तिला काय ठाऊक? ती नुसती चालवती.”

उस्तादांनी कोपऱ्यातला एक उलटा डबा पायानं पुढं सरकवला.

रंगराव त्यावर बसला. या गॅरेजची रीत त्याला कुणी नव्यानं सांगायला नको होती. गाडीला पाना लावण्याआधी चालवणाऱ्यानं बोलायचं, आणि तो बोलेपर्यंत मेकॅनिकनं डब्यावर हात बांधून बसायचं. मालक कितीही मोठा असो, आधी चालवणारा. रंगरावनं हीच रीत आपल्या गॅरेजातही पाळली होती. गिऱ्हाइकांसाठी पाळली होती. घरच्या माणसाला ती लागू होते, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

उस्ताद टेम्पोपाशी गेले.

“पोरी, बंद पडायच्या आधी काय करती ग ती?”

प्रणोतीनं वळून बघितलं. हा प्रश्न तिला आजवर कुणीच विचारला नव्हता. बाबा गाडीला विचारत होते, प्लगला विचारत होते.

“धाप लागते तिला, आजोबा,” ती म्हणाली. “पहिले एक-दोन राऊंड झकास जातात. मग मूठ पिळली तरी ओढत नाही. तहान लागल्यासारखं करते… आणि मरते.”

“मग?”

“मग बाबा पळत येतात. लंगडत, धापा टाकत. टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघतात. पेट्रोल असतंच. झाकण लावून किक मारतात की लगेच चालू.”

“दर वेळी?”

“दर वेळी. म्हणून तर…” तिचे डोळे भरून आले. “त्यांचा हात लागला की चालू होते, ते लांब असले की बंद पडते. मग माणसानं काय समजायचं?”

उस्तादांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला ऑईलचा वास होता, पण तिनं डोकं काढून घेतलं नाही.

“उतरव गाडी. मागं रान मोकळं हाय.”

गॅरेजमागच्या रानातला ऊस तुटून गेला होता. प्रणोतीनं हेल्मेट चढवलं, किक मारली आणि बांधाबांधानं गाडी सोडली. पोरीचा हात चांगला होता. वळणावर पाय टेकवून गाडी अशी आडवी घ्यायची की हँडल मातीला टेकतंय असं वाटावं. रंगराव बघत नव्हता. तो मातीकडं नजर लावून नुसता आवाज ऐकत होता.

“बघ की,” उस्ताद म्हणाले.

“ऐकतोय न्हवं.”

“ऐकतोयस इंजिनाचं. पोरगी बघ म्हणतोय मी.”

त्यानं मान वर केली, आणि पुन्हा खाली घातली.

काही फेऱ्या झाल्या. मग रानाच्या पार पलीकडच्या टोकाला आवाज घुसमटला, दोनदा खोकला आणि थांबला.

रंगराव लंगडत धावत सुटला. उस्ताद मागून आपल्या चालीनं आले. ते पोहोचले तेव्हा रंगरावचा हात टाकीच्या झाकणावर गेलाच होता. उस्तादांनी त्याचं मनगट धरलं.

“थांब. किक मार.”

त्यानं मारली. पुन्हा मारली. गाडी चालू होईना.

“आता कान लाव इथं.”

“कुठं?”

“झाकणापाशी.”

रंगराव वाकला. उस्तादांनी झाकण हळूच फिरवलं.

फुस्स…

टाकीनं हवा आत ओढून घेतली. एवढा आवाज, की पलीकडं उभ्या प्रणोतीलाही ऐकू गेला.

“आता मार किक.”

पहिल्याच किकला गाडी चालू झाली. उस्तादांनी ती बंद केली, झाकण हातात घेतलं आणि त्याच्यावरची बोटभर रबरी नळी रंगरावच्या डोळ्यांपुढं धरली. नळीच्या तोंडात एक काळं, गोल, गुळगुळीत बूच बसवलेलं होतं. वरून बारीक तारेचा फासही आवळला होता. काम सुबक होतं.

“हे कुणी केलं?”

“मीच.” तो सवयीनं अभिमानानंच म्हणाला. “लेथवर काढलंय. गेल्या पावसाळ्यात ही चिखलात आडवी झाली, नळीतनं टाकीत पाणी गेलं. म्हटलं, आता पाणी न्हाई का धूळ न्हाई. झाकणाच्या रबरातनं हवा जातीच की थोडी…”

“रबर जुनं हाय?”

“न्हाई… तेबी मीच नवं घातलं. जाड. हवा…”

तो तिथंच थांबला.

पेट्रोल खाली जायचं तर वरून, त्या नळीतून, हवा आत यावी लागते. तेलाच्या डब्याला दोन भोकं पाडतात ती याचसाठी, आणि हे रंगरावनं आयुष्यात शेकडो लोकांना शिकवलं असेल. स्वतःच्या गॅरेजात तो गाडी काढण्याआधी दर वेळी झाकण उघडून पेट्रोल बघायचा आणि ती चार मिनिटंच फिरवायचा, म्हणून तिथं ती कधी बंद पडली नाही. कार्बोरेटर, प्लग, कॉईल, सगळं त्यानं संशयानं तपासलं होतं. बूच तेवढं तपासलं नव्हतं. ते त्यानं जीव लावून बसवलं होतं, मग त्याच्यावर संशय कोण घेतो?

रंगरावनं बुचावरून अंगठा फिरवला. मग मुलीकडं वळला.

“प्रणोती… तू म्हणत हुतीस ते खरं निघालं, बाळ. मीच बंद पाडत हुतो.”

प्रणोतीनं वडिलांचा चेहरा बघितला, गुडघ्याला लागलेली माती बघितली. मग झाकण उस्तादांच्या हातातून घेतलं, दातानं तार सोडवली, बूच उपसून काढलं आणि नळी तोंडात धरून जोरात फुंकली.

“रविवारी झाकण तुम्हीच लावायचं, बाबा,” ती म्हणाली. “मी हात लावणार नाही. तुम्ही आला नाहीत तर गाडी उघडी पळेल.”

रंगरावनं नुसती मान हलवली. त्यानं झाकण बसवलं आणि नळीचं उघडं तोंड बोटानं चाचपून बघितलं.

ती पुन्हा सुटली. या वेळी आवाज तुटला नाही. फेरीवर फेरी गाडी तशीच जात राहिली, आणि दर फेरीला धुळीचा लोट दोघांच्या अंगावर येऊन बसला.

दोघं बांधावर टेकले. बूच रंगरावच्या तळहातात होतं.

“उस्ताद.”

“हं.”

“तिनं उडी घेतली की मला हा गुडघा आठवतो. कडकन मोडलेला. मी डोळे मिटून घेतो. आजपातुर तिची एकबी उडी बघितली न्हाई मी.”

“ठाऊक हाय.”

“तुमाला वाटायचं न्हाई भ्या? मी पळवायचो तवा?”

गाडी वळणावरून आली, गेली.

“तू पडलास…” उस्ताद म्हणाले, “त्या दिवशी तुला दवाखान्यात टाकलं आणि चालत घरला आलो. त्यानंतर मी गाडीवर बसलेलो न्हाई.”

रंगराव त्यांच्याकडं बघतच राहिला. सायकलीचं कारण डोळे नव्हते, कंबरही नव्हती. इतकी वर्षं हा माणूस उन्हातान्हात सायकल हाणत होता.

“पडलो मी… आणि गाडी सोडलीसा तुमी?”

“व्हय.”

“आणि मला? पाय बरा झाल्यावर मला तर तुमीच परत बसवलंसा! किक तुमी मारून दिलीसा. पाठीवर थाप मारून ‘जा’ म्हणालासा. एवढं भ्या हुतं तर मला कसं काय सोडलंसा, उस्ताद?”

रानाच्या टोकाला प्रणोतीनं गाडी उंचवट्यावर घातली. दोन्ही चाकं जमिनीवरून सुटली.

रंगरावच्या पापण्या मिटू लागल्या. उस्तादांनी आपला तेलकट हात त्याच्या मोडक्या गुडघ्यावर ठेवला आणि तिथंच ठेवला. त्यानं डोळे उघडे ठेवले.

चाकं टेकली. गाडी पुढं गेली.

“भ्या माझं हुतं, रंग्या,” उस्ताद म्हणाले. “म्हणून सायकलबी मीच घेतली.”