निकामी लाकडाच्या डब्या

मला गोष्टी सांगायची अजिबात हौस नाही. शाळा चौथीत सुटली, आणि शुद्धलेखनाचं नि माझं कधी पटलंच नाही. पण घरातली लहानथोर सगळी दोन दिवस डोकं खाताहेत, 'लिहून द्या, लिहून द्या.' घ्या. एकदाच सांगतो, मधे कुणी तोंड घालायचं नाही.

फार फार वर्षांपूर्वी कुठल्याशा राज्यात एक सुतार होता. टाकाऊ तुकड्यातून तळहाताएवढी डबी अशी करायचा, की झाकण बसलं की फट दिसायची नाही. त्याची एक रीत होती. रंधा फक्त बाहेरून मारायचा. "आतून कोण बघतंय?" म्हणायचा.

राजाच्या मुलीचं लग्न निघालं. राजा भला माणूस. म्हणाला, "लग्नासाठी एकही झाड पाडायचं नाही. घराघरातलं निकामी लाकूड आणा, त्याच्या डब्या करा, आणि हळदीकुंकू घालून घरटी एक द्या."

इथवर ठीक. पण निकामी कुणी ठरवायचं, ते राजा बोलला नाही. सुतारानं स्वतःच ठरवलं.

गाडी घेऊन तो दारोदार फिरला. मोडका चौरंग, उचल. वाळवी लागलेली खुंटी, उचल. गावाच्या टोकाला एका म्हातारीचं घर होतं. दार नुसतं लोटलेलं. म्हातारी लेकीला बाळंतपणासाठी माहेरी आणायला गेली होती. आत कणगीमागे एक जुना पाळणा उभा होता, त्याची एक दांडी मोडलेली.

शेजारीण म्हणाली, "अहो, म्हातारीला येऊ द्या की."

"येऊन काय करणार? ती झोपणार आहे का यात?"

शेजारीण हसली. इथंच चुकलं बघा. हसली आणि गप्प बसली.

त्या पाळण्याच्या अकरा डब्या झाल्या.

म्हातारी लेकीला घेऊन आली. पाळणा गायब. घर पालथं घातलं, विहिरीपर्यंत शोधलं. शेजारणीनं लाजेनं तोंड उघडलं नाही. लेकीला लग्नानंतर बारा वर्षांनी मुलगी झाली, ती गोधडीवर जमिनीवरच निजली.

राजाच्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी राजाची डबी घरी आली. म्हातारीनं झाकण उघडलं. झाकणाला आतून चार इवल्या दातांच्या खुणा होत्या. तिच्या लेकीला दात येत होते, तेव्हा ती पाळण्याचा कठडा चावायची. त्या खुणांवरून म्हातारीनं बारा वर्षं बोट फिरवलं होतं, नातवंडाची वाट बघत.

ती उठली. एका हातावर नात घेतली, दुसऱ्या हातात डबी, आणि थेट मांडवात गेली. राजा तेव्हा सुताराच्या खांद्यावर शाल घालत होता.

"दादा, हात चांगला आहे तुझा," म्हातारी म्हणाली. "आता एवढं सांग, माझी नात यात कशी निजवू?"

तिनं डबी खाली ठेवली, हळदीकुंकू काढलं आणि बाळाचं पाऊल आत टेकवलं. पाऊल तेवढं मावलं.

सनई थांबली. वऱ्हाड उभ्याचं उभं राहिलं. राजाच्या हातातली शाल गळून पडली, ती उचलायचं कुणाला सुचेना. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा घास हातातच राहिला होता.

सुतार पुटपुटला, "मला वाटलं, निकामी आहे."

"कुणाला निकामी? तुला की मला?"

सुतार मांडवातून तसाच निघाला. त्यानं घरोघर हिंडून अकराच्या अकरा डब्या परत मागून आणल्या, तुकडे एकमेकांना लावून बघितले. पण रंध्यानं खाल्लेलं लाकूड परत कुठलं यायला? एकही सांधा जुळेना.

मग त्यानं स्वतःच्या घराचं दार काढलं. अस्सल सागवानी दार. त्याचा पाळणा केला, आतूनबाहेरून रंधा मारला आणि डोक्यावरून म्हातारीकडे नेला.

तिनं हात फिरवून बघितलं. "हे दार निकामी झालं होतं का रे?"

"नाही, आई. आज घर उघडं आहे."

"मग चालेल," म्हातारी म्हणाली, आणि नातीला त्यात निजवलं.

बोध असा: वस्तू निकामी आहे की नाही, हे ज्याची त्यानं ठरवायचं, दुसऱ्यानं नाही.

आणि माझ्या बायकोच्या मागं मी जपून ठेवलेला तिचा चिरलेला पोळपाट, मला न विचारता होळीत टाकणारा आमच्या आळीतला त्र्यंबक लोहकरे. त्यानं अजून माझी माफी मागितलेली नाही.