कोंडाईचं उखळ

शेवरवाडीच्या माळावर दौलू शाहिराची समाधी आहे. तिच्यासमोर चार हातांवर तेलाच्या घाण्याचं एक जुनं दगडी उखळ पालथं न घालता तसंच उघडं ठेवलेलं आहे. नवा माणूस हमखास विचारतो, की शाहिराच्या पुढ्यात डफ हवा, हे उखळ कशाला? तेव्हा गावातले लखूआबा पागोटं सावरून आधी त्या उखळाला हात लावतात, मग समाधीला, आणि सांगायला बसतात.

दौलू शाहीर फार तोंडाळ होता म्हणे. देशमुखाचं धान्य मोजायचं माप दुहेरी तळाचं आहे, त्यात धान्य कमी मावतं, हे त्यानं देशमुखाच्याच दारात, देशमुखाचाच विडा तोंडात असताना गाऊन सांगितलं. माप फोडून बघितलं, तर खरंच निघालं. त्या दिवसापासून दहा गावांची माणसं त्याच्यावर जीव टाकू लागली. तो म्हणेल ते खरं, असं होऊन बसलं.

त्याच्यामागे सिदू नावाचा झीलकरी उभा असे. फार बुजरा. चार माणसांत त्याला पाणी मागायची चोरी. पण शाहिराची ओळ संपली की त्याचा ‘जी जी रं जी’ असा काही उठायचा, की माळ भरून जायचा.

पुढे एका वर्षी देवळातला नंदादीप रोज विझू लागला. दिव्याला तेल कोंडाई तेलिणीच्या घाण्यावरून येई. नवरा मागेच वारलेला, घाणा तिनं एकटीनं चालवलेला. शाहिरानं कडवं रचलं, की कोंडाई तेलात पाणी घालत नाही, पाण्यात तेल घालते. लोक हसून लोळले. दुसऱ्या दिवसापासून तिच्याकडे कुणी तेलाला गेलं नाही. बैल विकला, घाणा थांबला.

काही दिवसांनी देवळाची फरशी उकलली. खाली उंदरांचं बीळ, आणि बिळात तेलानं माखलेल्या वातींचा ढीग. उंदीर वाती पळवत होते. तेल चोख होतं.

हे शाहिराच्या कानावर गेलं. तो म्हणाला, “एकदा म्हटलेलं कडवं शाहीर परत गिळत नाही. आणि लोक तेच मागतात.” त्यानं ते गायचं सोडलं नाही. त्याच पावसाळ्यात तापानं तो गेला. लोकांनी समाधी बांधली, आणि माघी पुनवेला तिथं त्याचीच गाणी गायची, असा नेम धरला.

पहिल्याच पुनवेला आक्रीत घडलं. थंडीनं डफ उतरला असेल म्हणून विस्तवावर धरला. थाप मारली, तर भिजल्या घोंगडीवर मारल्यासारखा आवाज. पुन्हा तापवला. नवं कातडं चढवलं. तरी मुकाच.

“देशमुखाची करणी!” नाग्या पैलवान ओरडला. शाहिराच्या नावानं त्यानं दंडावर डफ गोंदवून घेतला होता.

“कसली करणी? त्या बाईचा तळतळाट आहे,” मागून कुणीतरी बोललं.

“शाहीर कधी चुकला नाही!”

“चुकला असंल. पण गळा बघ की त्याचा!”

“तिचा घाणा गळ्यावर चालतो व्हय रे?”

माणसं हातघाईवर आली. सिदू मात्र मुक्या डफाकडे बघत राहिला. डफ वाजला नाही, तर गाणी उठणार नव्हती, आणि दोन-चार वर्षांत दौलूचं नाव मातीला मिळणार होतं. त्याला एक गोष्ट ठाऊक होती, जी मागे उभं राहणाऱ्यालाच कळते. शेवटच्या दिवसांत ते कडवं आलं, की शाहिराची थाप मधोमध पडत नसे. कडेला जायची. हात बिचकायचा.

सिदू उठला आणि थेट कोंडाईच्या दारात गेला. ती बंद घाण्यापाशी शेंगा फोडत होती.

“तूच न्हवं का त्यो, मागनं जी जी करणारा?” ती म्हणाली. “त्यानं एकदा म्हटलं. तू दर खेपेला हो म्हटलंस.”

सिदूची मान खाली गेली. “मावशी, त्याला काय बोलायचं ते आता बोल. समद्यांपुढं बोल.”

“मेलेल्याला?”

“आम्ही जित्ते हाय की ऐकायला.”

कोंडाई उठली. जाताना तिनं घाण्याचं उखळ गाडीवर चढवायला लावलं आणि समाधीसमोर उतरवून घेतलं. नाग्या आडवा आला. “आमच्या शाहिराच्या समाधीपुढं शिव्या?”

जन्मात चार माणसांत न बोललेला सिदू तेव्हा बोलला, असं सांगतात. “शाहीर कुणाच्या दारात इचारून गायला होता का रं, पैलवान? त्याचं म्हणवतोस, तर ऐकायचं बळ ठेव.”

नाग्या बाजूला झाला. उखळाच्या काठाला धरून कोंडाई दौलूला नावानं बोलली. बैलाचं बोलली, विझलेल्या चुलीचं बोलली, हसणाऱ्या तोंडांचंही बोलली. शेवटी म्हणाली, “मापाचं खरं बोललास, दौल्या, त्ये माझ्याबी ध्यानात हाय. माझं खोटं बोललास, त्ये तुझ्या ध्यानात राहू दे.”

तेव्हा सिदूनं डोळे मिटून झील दिली, “जी जी रं जी.” मग नाग्यानं दिली. मग साऱ्या माळानं. कोंडाईनं उखळाच्या तळाशी उरलेलं तेल बोटांनी निपटून समाधीच्या पणतीत सोडलं. म्हणे, डफ तेव्हा कुणाच्याही हातात नव्हता. जमिनीवर पडल्या जागी तो घुमला.

उखळ समाधीपुढंच राहिलं. गावानं कोंडाईला नवं उखळ आणि बैल घेऊन दिला, आणि तिच्या दारात पुन्हा तेलाला रांग लागली. ते कडवं मात्र कुणी खोडलं नाही. माघी पुनवेला ते येतं, तेव्हा गाणारा शाहीर गप्प होतो आणि नुसतं तुणतुणं वाजतं.

आजही पहिला शब्द कोंडाईच्या घराचा असतो. आता तिची पणतसून इचलकरंजीहून एसटीनं येते, माईक हातात घेते आणि उखळापाशी उभी राहून शाहिराला मनसोक्त सुनावते. दंडावर डफ गोंदवलेली पोरं खाली मान घालून ऐकतात, तिच्या दर ओळीला झील देतात. मग तिच्या हातचं तेल पणतीत पडतं आणि थाप पडते. माघाची थंडी कितीही असो, शेवरवाडीत आजही डफ विस्तवावर धरत नाहीत.