मोराच्या मुठीचा खांडा

उंबरगौरी माते, तुझी कहाणी सांगते. सुवासिनींनो, मन लावून ऐका.

आटपाट असं एक नगर, वेशीपाशी नदी वळे. तिथं जैतपाळ राजा, त्याची राणी मैळलदेवी. राणीला उंबरगौरीचा वसा. श्रावणात दर शुक्रवारी ती उंबरठा धुई, हळदीकुंकवाची बोटं ओढी, दारी पहिली येईल त्या सवाष्णीची ओटी भरी. कोण, कुठली, विचारत नसे.

एके वर्षी शेजारच्या राजाशी लढाई जुंपली. माणसं मेली, शेतं जळाली. मग तह निघाला. शेजारी म्हणाला, "माझी लेक सोमाई राणी करून घ्या, तरच तह." जैतपाळ सरहद्दीवर अडकलेला. मग ठरलं, राजाची तलवार, त्याचा खांडा पाठवायचा, मुलीनं खांड्यालाच माळ घालायची. रीत अशी, की थोरल्या राणीनं आपल्या हातानं खांडा शेल्यात बांधून द्यावा.

मैळलदेवीला सवत सोसेना. मग तिनं काय केलं? राजाचा खांडा पेटीत लपवला. आपल्या माहेरचा, मोराच्या मुठीचा खांडा शेल्यात बांधला.

दासी म्हणाली, "अगं बाई! बाईसाहेब, हा तर तुमचा!"

"असू दे. खांडा राजाचा नाही, तर ती बायको राजाची नाही. मोराशी संसार कर म्हणावं!"

लग्न लागलं. सोमाई आली, नदीकाठच्या महालात उतरली.

श्रावणातला पहिला शुक्रवार आला. दारी पहिली सवाष्ण कोण, तर सोमाई. राणी आतून म्हणाली, "सांगा, डोकं दुखतंय." सोमाई परत गेली. उंबरठ्यावरचा दिवा विझला. दुसरा शुक्रवार आला. पुन्हा सोमाई. "सांगा, न्हाणीघरात आहे." पुरण करपलं. तिसरा शुक्रवार आला. पुन्हा सोमाई. "सांगा, वसा सोडला." राणी कुंकू लावू गेली. कुंकू कपाळी ठरेना. लावी नि गळे, लावी नि गळे. तोच जासूद आला, "सरहद्दीवर राजे तापानं निपचित पडलेत."

राणीला रडू फुटलं. चौथ्या शुक्रवारी ती पेटीतला खांडा घेऊन अनवाणी नदीकाठच्या महाली गेली. सोमाई उंबरठा धूत होती. तिनं वर पाहिलं.

"अक्का, या. माझ्या दारी पहिली सवाष्ण तुम्हीच."

"मी पापी गं. मी तुला खोटा खांडा धाडला. खरा हा घे."

"ठाऊक आहे. राजाच्या खांड्याच्या मुठीवर सिंह असतो, आमच्याकडे पोरंसोरंही सांगतात. मी माळ घालतानाच मोर पाहिला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर मांडवातच तलवारी निघाल्या असत्या."

सोमाईनं तिला पाटावर बसवलं, कपाळी कुंकू लावलं. कुंकू ठरलं. मग ओटी भरली, पुरण वाढलं. तिकडे राजाचा ताप उतरला.

राजा घरी आला. मैळलदेवीनं सगळं सांगितलं, सोमाईचा हात आपण होऊन राजाच्या हाती दिला. मत्सर सगळा गेला, असं नाही. पण दार पुन्हा कधी लावलं नाही.

राणी म्हणाली, "आता माझा खांडा दे."

सोमाई हसली. "तो कसा देऊ, अक्का? माळ त्यालाच घातलीय. माझं पहिलं लग्न तुमच्याशीच लागलं."

मग राणीही हसली.

मैळलदेवीच्या कपाळी कुंकू ठरलं, तसं तुमच्याआमच्या कपाळी ठरो. ही साठ बोलांची कहाणी पाच बोलांत सांगितली, उंबरगौरीच्या पायी वाहिली, सुफळ झाली.