सहाव्या ढोलाची वाट

भोरकड्याच्या दक्षिण बुरुजाखाली या सात कोठड्या आहेत. वाकून बघा, पण डोकं सांभाळा. आत माणूस उभा राहील, असा विचार खोदणाऱ्यानं केलेलाच नाही. फोटो मग काढा, आधी ऐका.

असं सांगतात, की फार पूर्वी इथल्या किल्लेदाराचे शिपाई गावोगावची जनावरं ओढून न्यायचे. पलीकडच्या वाडीतले सात धनगर टेकडीवरून ढोल वाजवून गावांना सावध करायचे. शिपाई पोचेपर्यंत गोठे रिकामे. शेवटी सातही जण पकडले गेले आणि किल्लेदारानं त्यांना एकेका कोठडीत एकेकटं डांबलं. मारलं नाही. उजेड नाही, बोलायला माणूस नाही. मारण्याहून हे वाईट, हे त्या नतद्रष्टाला बरोबर कळलं होतं.

महिन्याभरात एक जण भिंतीशी बोलू लागला. धुळा नावाच्यानं भाकरीला हात लावणं सोडलं. तेव्हा त्यांच्यातला सर्वांत वडील, मायाप्पा, यानं एका दुपारी लाकडी दारावर तळवा मारला. एकच ठोका. पलीकडून दुसरा आला, मग तिसरा. जन्मभर एकत्र वाजवलेली माणसं. ढोलाच्या फेरात एकामागून एक ठोका देताना आपली जागा कितवी, हे कुणाला सांगावं लागलं नाही. मग रोज दुपारी फेर होऊ लागला. नियम जुनाच: एकाचा ठोका चुकला, तर पुढच्यानं वाजवायचं नाही, पहिल्यापासून पुन्हा. भिंतीशी बोलणारा त्यानं भानावर आला म्हणे. धुळ्याची जागा सहावी. त्याचा ठोका कधी यायचा, कधी नाही, आणि एक दिवस तो थांबलाच.

या ठोक्यांची खबर किल्लेदाराला लागली आणि त्याच दिवशी त्याचा हुकूम सुटला, की उद्या जो पहिला ठोका देईल त्याचा हात तोडा.

दुसऱ्या दुपारी मायाप्पाच्या दाराशी तलवार घेऊन शिपाई उभा. बाकीचे कान लावून बसलेले. यानं वाजवू नये, असंच त्यांना वाटत असणार. मायाप्पानं वाजवलं. पाच ठोके झाले. सहावा आला नाही. शिपायानं दार उघडलं आणि मायाप्पाचा उजवा हात उंबऱ्यावर तोडला.

"म्हाताऱ्या, आता तरी गप बस," शिपाई म्हणाला.

"धुळ्या अजून बोलला नाय," मायाप्पा म्हणाला. "डावा हाय माझा."

आणि त्यानं डाव्या तळव्यानं पुन्हा सुरुवात केली. दोन, तीन, चार, पाच. सगळे थांबले. शिपाईही थांबला, त्याच्यानं तलवार उचलवलीच नाही, असं सांगतात. बऱ्याच वेळानं धुळ्याच्या दारावर अगदी हलका ठोका पडला. त्यामागून सातवा. त्या संध्याकाळी धुळ्यानं भाकरी खाल्ली.

पुढं ते सुटले की इथंच गेले, यावर आम्हा वाडीकरांत दोन तट आहेत. मी 'सुटले' म्हणणाऱ्यांतला. वाद घालायला कधीही तयार आहे.

आजही वाडीच्या जत्रेत सात ढोल उभे राहतात. पहिला ठोका डाव्या हाताचा असतो. सहावा ढोल, त्या वर्षी ज्याच्या घरावर सर्वांत वाईट वेळ आली, त्याच्या गळ्यात घालतात, आणि तो वाजेपर्यंत कुणी पुढं जात नाही. गेल्या साली तो माझ्या गळ्यात होता. थोरला लेक गेला होता. हात उचलत नव्हता. ऊन डोक्यावर आलं, सबंध वाडी तशीच उभी. एकानंही मला घाई केली नाही. मग वाजवला.