नव्या क्लचचे आठशे किलोमीटर

“याहून कडक नाही का, उस्ताद?”

“आहे.”

“मग ती टाका.”

दस्तगीर उस्ताद हातातली क्लचची प्रेशर प्लेट फडक्याने पुसत राहिले.

कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या त्या शेडमध्ये उस्ताद चाळीस वर्षे फक्त क्लच बसवत होते. दुसरे काम घेत नसत. मी त्यांच्याकडे प्लेटांना रिव्हेट मारायचो.

समरजित त्या दिवशी पहिल्यांदाच आला होता. फौंड्रीवाल्या इंगळ्यांचा मुलगा, वय सव्वीस. गाडी लाल, दोन माणसांची, जमिनीला टेकलेली. तिला त्याने सुपरचार्जर बसवून घेतला होता. म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. ताकद दीडपट झाली. ती ताकद चाकांकडे पोचवणारा क्लच मात्र पहिलाच राहिला. चढ लागला की तो घसरायचा. इंजिन ओरडायचे आणि गाडी जागच्या जागी.

“रविवारी घाटात शर्यत आहे,” समरजित म्हणाला. त्याचे पाय एका जागी ठरत नव्हते. “सात किलोमीटर चढ. एकेक गाडी सोडतात, घड्याळ लावून. गेल्या वर्षी दुसरा आलो. किती फरकानं, माहितेय? चुटकी वाजवा.”

उस्तादांनी चुटकी वाजवली.

“त्याच्या निम्म्यानं!”

उस्ताद हसले.

“या वर्षी ताकद आहे, उस्ताद. पहिलं यायचंच. फक्त ती ताकद धरणारा क्लच द्या. एकदा धरला की सोडणारच नाही असा.”

“सोडणारच नाही असा…”

“हो.”

“मग नटबोल्टच लावून टाकतो की.”

मला हसू आले. समरजितला आले नाही.

बुधवारी दुपारी कडक क्लच बसला. समरजितने पेडल दाबून पाहिले. दोन्ही हात स्टिअरिंगवर टेकवून जोर लावावा लागला. तरी तो खूश होता.

“गावातनं फिरव जरा,” उस्ताद म्हणाले.

“माहितेय हो. नवी प्लेट घासून बसायला लागते. आठशे किलोमीटर. खोक्यातल्या कागदावर लिहिलंय.”

“लिहिलंय?”

“हो तर!”

उस्तादांना आणखी काही सांगायचे होते. तोवर गाडी गल्लीच्या तोंडाशी पोचली होती.

शनिवारी सकाळी हॉर्न वाजवतच ती परत आली.

“आठशे तीस!” समरजित दार उघडायच्या आधीच ओरडला. “उस्ताद, आठशे तीस! पुण्याला जाऊन आलो. मग बेळगाव. मग थोडे कमी पडत होते म्हणून पहाटे कऱ्हाडपर्यंत. नादखुळा गाडी पळते! उद्या कुणाच्या बापाला सापडत नाही.”

शेडसमोर लहानसा चढ आहे. उस्तादांनी बोट दाखवले.

“तिथं उभी कर.”

त्याने केली.

“आता उचल.”

गाडी बेडकासारखी उडाली, थरथरली आणि बंद पडली.

त्याने पुन्हा चालू केली. पुन्हा उडाली. पुन्हा बंद.

तिसऱ्यांदा त्याने किल्ली फिरवलीच नाही. बाहेर आला. चेहरा उतरला होता.

“उद्या शर्यत आहे.”

“हं.”

“तुम्ही क्लच खराब दिलात.”

 उस्तादांना असे कुणी कधी म्हटले नव्हते.

उस्ताद चढावर त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले.

“पेडल किती वेळा दाबलंस?”

“म्हणजे?”

“तीन दिवसांत. किती वेळा?”

“हायवेला कशाला दाबायचं पेडल? टॉप गिअरला टाकली की…” तो बोटे मोजू लागला. “टोलला. चहाला. पेट्रोलला… असेल, पन्नास-साठ वेळा…”

बोटे मधेच थांबली. प्लेट घासते ती पेडल दाबून सोडतानाच; नुसत्या पळण्याने नाही.

“उस्ताद… पण उद्या…”

उस्तादांनी शेडमध्ये जाऊन खुंटीवरची टोपी घातली. वाकून, कमरेवर हात ठेवून, एकेक पाय आत घेत त्या बसक्या गाडीत शिरले. गुडघे छातीला लागले.

“चल.”

“घाटात?”

“लक्ष्मीपुरीत.”

शनिवार, सकाळचे दहा. लक्ष्मीपुरीचा बाजार भरात. कांद्याची पोती उतरत होती, टेम्पो आडवे लागले होते, हातगाड्या वाट मिळेल तिकडून घुसत होत्या.

गाडीत दोनच जागा. मी बाजूने चालत निघालो. दिवसभरात एकदाही मागे पडलो नाही.

वीस पावले जायचे, थांबायचे. दहा पावले जायचे, थांबायचे. पहिल्या चौकापर्यंत गाडी सहा वेळा बंद पडली.

“काय भावा, ढकलू का?” एक हमाल म्हणाला.

“बसकी हाय रं ती. बसली की उठंना झालीया,” दुसरा म्हणाला.

भाजीवाली एक मावशी तर उठूनच उभी राहिली. “ए सायबा! बेडूक हाय का गाडी? माझ्या कोथिंबिरीवर उडी मारशील!”

समरजितची मान लाल झाली.

“लोक हसतायत, उस्ताद.”

“हसू देत. तू पुढं घे.”

“पाय कापतोय.”

“बूट काढ.”

शर्यतीचे जाड बूट होते. त्याने काढले, मोजे काढले. उघडा पाय पेडलवर ठेवला.

उस्तादांनी त्याच्या डाव्या गुडघ्यावर आपला हात ठेवला. खाली दाबला. मग हळूहळू वर येऊ दिला. झोपलेल्या लेकराच्या मानेखालून आपण हात काढतो ना, तसा.



गाडी हलली. उडाली नाही.

समरजितने त्यांच्याकडे पाहिले. उस्ताद समोरच्या वांग्यांकडे बघत होते.

दुपारी ऊन तापले. आम्ही बाजाराला फेऱ्या मारतच होतो. पहिल्या दोन फेऱ्यांत समरजित दात आवळून बसला होता. तिसऱ्या फेरीला त्याने कोथिंबीरवालीला हात केला. चौथ्या फेरीला ती म्हणाली, “आलास व्हय परत? ह्ये घे, गाजर खा.” त्याने गाजर घेतले. एका हातात गाजर, एक हात स्टिअरिंगवर, आणि गाडी चालू झाली ती कुणाला कळलीसुद्धा नाही. एक म्हातारी गाडीला टेकून उभी होती. गाडी सरकली तशी तिने नुसता पदर सावरला.

पाचच्या सुमारास तो एकदम ओरडला. मी दचकलो.

“उस्ताद! कळलं! आत्ता कळलं! तळव्याला कळतंय, कुठं धरतोय ते! धरायच्या आधी किंचित… असं… थांबा, परत दाखवतो!”

त्याने दाखवले. गाडी मुंगीच्या पायांनी दोन हात पुढे गेली.

“बघितलंत? परत बघा!”

पुन्हा दोन हात.

“आता अजून एक फेरी, उस्ताद. एकच!”

“दुकान उघडं टाकून आलोय, बाळा.”

“एकच हो!”

तीन झाल्या.

रविवारी आम्ही घाटात गेलो नाही. उस्तादांनी एका जुन्या जीपचा क्लच उतरवून ठेवला होता, तो साफ केला. दुपारी मात्र दोनदा दारापर्यंत जाऊन रस्त्याकडे बघून आले. मी न बघितल्यासारखे केले.

सोमवारी सकाळी समरजित आला तो धावतच. गाडी गल्लीच्या तोंडाशीच सोडून आला होता. हातात पेढ्यांचा पुडा.

“पहिला!”

उस्तादांनी पाना खाली ठेवला.

“पहिला आलो, उस्ताद! पूर्ण दोन सेकंदांनी! सुटतानाच सगळ्यांची चाकं जागेवर फिरली, धूर नुसता. माझी गाडी कशी निघाली सांगू? रंकाळ्याच्या पाण्यावर बदक निघतं तशी! आणि चौथं वळण, ते उभं वळण हो, तिथं सगळ्यांच्या गाड्या झटका खातात. माझ्या गाडीनं खाल्लाच नाही! लोक विचारत होते, क्लच कुणाचा? मी म्हटलं, आमच्या उस्तादांचा!”

तो वाकून पाया पडला. उस्तादांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

मग तो उठला. डोळे चमकत होते.

“आता ऐका, उस्ताद. पुढच्या वर्षी याच्याहून मोठा सुपरचार्जर घालतोय. ताकद दुप्पट! हा क्लच मग पुरायचा नाही. तेव्हा काय करायचं?”

उस्तादांनी पेढा मोडला. अर्धा मला दिला, अर्धा तोंडात टाकला. सावकाश खाल्ला.

“तेव्हा… मोठ्या बाजारात जाऊ.”