एकाक्षरी नावांचं धरण

डोंगरांनी वेढलेल्या एका राज्यात एक प्रोग्रामर बाई होती. तिथल्या धरणाचा दरवाजा वरखाली करणारं यंत्र तिनेच सी भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामवर चालायचं. बाईचा हात भलताच चपळ, आणि त्याचा तोरा त्याहून मोठा! दरवाजाच्या स्ट्रक्चरमधल्या फील्डना, म्हणजे त्याचे आकडे साठवणाऱ्या खणांना, तिने नावं दिली होती ए, बी, सी.

धरणावरचे म्हातारे तपासनीस म्हणाले, “पोरी, ‘आत्ताची_उंची’, ‘हवी_ती_उंची’ असं सरळ लिही की. कुणालाही कळेल.”

“काका, एवढं लांबलचक कोण टाइप करत बसणार? माझ्या पक्कं लक्षात आहे.”

तीन वर्षं गेली. एका दुपारी डोंगरात ढगफुटी झाली आणि धरण बघता बघता काठोकाठ आलं. भिंतीखालच्या वाडीत तिची आई राहत होती. दोन फूट उघडा असलेला दरवाजा ताबडतोब दहा फुटांपर्यंत उचलायला हवा होता.

तिने प्रोग्राम उघडला. हवी ती उंची कुठली? ए, बी की सी? काही केल्या आठवेना. शेवटी देवाचं नाव घेऊन तिने ‘ए’मध्ये दहा भरले.

पण ‘ए’ होती आत्ताची उंची. हवी ती उंची अजून दोनच फूट होती, म्हणून दरवाजा आठ फूट जास्त वर आहे, असं यंत्राने धरलं आणि तो खाली सोडला. करकरत दरवाजा पुरता बंद झाला. पायाखालची भिंत थरथरू लागली.

“आता बी की सी? लवकर सांग!” तपासनीस ओरडले.

आणखी एक चूक झाली तर वाडी आईसकट वाहून जाणार होती. तिला रडू फुटलं.

“काका, मला माझंच लिहिलेलं कळत नाहीये. यंत्र बंद करा, वाडीसाठी भोंगा वाजवा. दरवाजा हातानं उचलू.”

वीस जणांनी मिळून चाक फिरवलं. भिंत तगली, वाडीतली सगळी माणसं, तिची आईसुद्धा, टेकडीवर पोचली. पण तोवर भिंतीवरून सांडलेल्या पाण्याने खालची आळी नेली होती. आईचं घर त्याच आळीत होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती प्रोग्राममधल्या एकेका व्हेरिएबलला नीट नाव देत बसली. चाळीस झाली. एकेचाळिसावं होतं ‘क्यू’. ते कशासाठी लिहिलं, हे तिला आजतागायत आठवलेलं नाही. काढायची भीती वाटते आणि ठेवायचीही. आभाळ भरून आलं की ती त्या एका अक्षराकडे बघत राहते.

तात्पर्य: नाव ठेवावं ते घाबरलेल्या वेळी वाचणाऱ्यासाठी, मग तो वाचणारा आपण स्वतःच का असेना.