तळ्याचा काठ

या डोंगराला अजून कुणी नावही दिलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. तळ्याकाठच्या हरणांत हगवणीची साथ आली आणि आठ दिवसांत अर्धा कळप गेला. टिकली हरिणीचं पाडसही आजारी पडलं. त्याच तळ्यावर येणाऱ्या नीलगायींत मात्र एकही दगावली नव्हती.

टिकली तणतणत म्हाताऱ्या नीलगायीकडे गेली. "मावशी, पाण्यात काय कालवलंत?"

म्हातारीने तिला दूर माळावर नेलं. तिथे लेंड्यांचा एकच मोठा ढीग होता. "आमचं लहानथोर सगळं इथंच येतं, पोरी. आणि आम्ही पितो तळ्याच्या वरच्या झऱ्याचं. तुमची घाण कुठे पडते?"

 टिकली धावत परतली आणि जन्मात पहिल्यांदा तिने तळ्याचा काठ नीट पाहिला. काठभर लेंड्या पडल्या होत्या, पाण्यात विरघळत होत्या, आणि तिथेच तिच्या पाडसाने तोंड लावलं होतं.

"थांब!" ती अशी किंचाळली, की अख्ख्या कळपाने माना वर केल्या.

पाडस वाचलं. पण त्याला झऱ्याकडे नेताना टिकलीने एकदा मागे वळून तळ्याकडे पाहिलं. आठ दिवस, बरं वाटावं म्हणून, तीच त्याला ढुशा देऊन तेच पाणी पाजत होती.